वळायची चादर

व्हान, हॉस्पिटल
१२ सप्टेंबर १९८३

चि. ओडील हिस,
मारिव्हॉन मावशीचे अनेक आशीर्वाद.

माझा गुडघा फाडून शिवला. डॉक्टर म्हणतो, महिनाभर पडून राहा. त्याचं काय जातं, माझी कालवं कोण वेचणार, तो?

सिनेमासाठी घर दिलंय, तर ऐक. तुझ्या पॅरिसच्या लोकांनी माझ्या मोठ्या कढईला हात लावायचा नाही. माझी पोर नोल्वेन पंधराची आहे. तिला सिगारेट शिकवलीस तर तंगडं मोडून हातात देईन. इथे माझ्या शेजारची खाट रिकामीच आहे.

दुसरं. ओहोटीला समोरच्या बेटापर्यंत वाळू उघडी पडते म्हणून हुरळू नकोस. पाणी फिरलं की समोरून येत नाही, आधी पाठीमागची खाडी भरते. पाणी फिरताना आपल्या वरच्या खिडकीत लाल चादर टांगतात. मी नाही तर शेजारची सोआझिक टांगेल. दिसली की हातातलं टाकायचं आणि वळायचं. नोल्वेनला ठाऊक आहे. तूही वळ.

जेवत जा. लोभ आहेच.
मारिव्हॉन

केरनोझ
२० सप्टेंबर

ती. मावशीस,
ओडीलचा सा. न. वि. वि.

कढई सुखरूप आहे! नोल्वेन तर जन्मजात नटी निघाली. तुला सिनेमाची गोष्ट सांगितली होती ना, मुलगी आईचं घर सोडून वाळूतून बेटाकडे निघते आणि एकदाही मागे बघत नाही. पण ही सारखी मान वळवून खिडकी बघायची, चादर दिसली की पाय मागे. चार वेळा दृश्य वाया गेलं.

पण काय दिसते गं ती चादर कॅमेऱ्यात! म्हणून आता ती दिवसभर टांगलेलीच असते. सोआझिककाकू कुरकुरल्या, म्हणाल्या, असला पोरखेळ करू नये. पण ऐकलं त्यांनी. नोल्वेनला सांगितलंय, चादरीकडे नाही, फक्त माझ्याकडे बघायचं. आता अजिबात वळत नाही.

शेवटचं दृश्य शुक्रवारी दुपारी. पौर्णिमेनंतरची मोठी ओहोटी, वाळू थेट बेटापलीकडे उघडी पडेल म्हणतात. त्या दृश्याला धुकं मिळावं म्हणून मी सकाळसंध्याकाळ देवाला विनवतेय. पहिलाच सिनेमा आहे, आशीर्वाद दे. लोभ असावा.
तुझी ओडील

व्हान
गुरुवार, २२ सप्टेंबर

ओडील,

तुझं पत्र आत्ता आलं. घरचा फोन वाजतोय, उचलत कुणी नाही. सगळे वाळूत असाल. टपाल गेलं, म्हणून हे मासळीच्या गाडीवाल्याकडे देतेय. वाटेत प्यायला थांबला नाही तर उद्या सकाळी पोचेल.

जितकी मोठी ओहोटी तितकीच मोठी भरती, हे तुला कुणी सांगितलं नाही? पोर चालायला लागल्यापासून मी तिला एकच गोष्ट शिकवली. ती तू एका आठवड्यात पुसलीस. सोआझिक आता काय टांगणार? लाल चादर तर आहेच तिथे. गावातलं कुणी आता मान वर करून बघणार नाही. आणि त्यात तू धुकं मागतेस!

नर्स ओरडतेय. ओरडू दे. कुबडी घेतली, बसस्टॉपवर निघाले.

आशीर्वाद, लोभ, सगळं नंतर. आधी चादर काढ.
मावशी