साधं की शंभर

४ ऑक्टो.
पन्हाळ्याला व्याख्यान. विषय तोच, उसापासूनचं इथेनॉल. टाळ्या भरपूर, घसा बसला. येताना गाडी दोनदा गचके खाऊन बंद. आपली जुनी गाडी, पण अशी कधी वागली नव्हती. सुनंदा शेजारी बसून म्हणाली, "तुमचं इथेनॉल तुमच्याच गाडीला मानवंना की हो." मी खाली उतरून बॉनेट उघडलं. व्यासपीठावर असं कुणी टोकत नाही.

७ ऑक्टो.
रफिकच्या गॅरेजला. पेट्रोलची रबरी नळी फुगून चिरली होती. "नव्या गाड्यांना काय होत न्हाय सर. ही मात्र इथेनॉलच्या आधीची हाय." नळी बदलली. तरी गचके राहू शकतात म्हणाला.
दोन महिने मी महागडं पंचाण्णव ऑक्टेनचं पेट्रोल भरत होतो. महाग म्हणजे निर्भेळ, ही माझी समजूत! आज पंपावर नीट वाचलं. त्यातही तेच वीस टक्के इथेनॉल. फक्त 'शंभर'मध्ये नाही म्हणतात. गाडीच्या पुस्तकात तर एक्याण्णव पुरे असं छापलंय. शंभराचा जोर या इंजिनाला नकोच आहे; त्यात इथेनॉल नाही, एवढंच हवंय.

११ ऑक्टो.
शंभर भरलं. पंपावरचा म्हणाला, "पावणं, हे मोठ्या बाईकवाली नेत्यात. ह्या डब्याला कशाला?" मागच्या रांगेतून एकजण, "सर, तुमचं इथेनॉलचं भाषण माझ्या मोबाईलात हाय!" हात केला. टाकीचं झाकण स्वतःच लावलं, घाईनं.
गाडी लोण्यासारखी चालली. त्याचाच राग आला.

१४ ऑक्टो.
बाबूरावचा फोन. सुनंदाचा धाकटा भाऊ, कुरुंदवाडला सगळा ऊसच. कारखान्याचा बॉयलर पेटवायचा कार्यक्रम, बोलायला मी. त्यानंच सगळ्यांना शब्द दिलाय. "दाजी, मागल्यासारखं पेटवा. आमचा ऊस, आमचं इंधन! लोक त्याच्यासाठीच येत्यात."
आणि ते खरंच आहे. परदेशी तेलापेक्षा आपल्या रानातलं बरं, हे मी आजही छाती ठोकून सांगेन. पण टाकीत शंभर ठेवून?

१८ ऑक्टो.
बोललो. इथेनॉल हवंच, म्हणालो. पण जुन्या गाडीवाल्याला पंपावर परवडणारा दुसरा पर्याय हवा, आणि कशात काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं. माझ्या गाडीत आज शंभर आहे, हेही सांगितलं.
मग मागून एकजण, "मग आमचा ऊस काय चघळायचा व्हय?" हशा. बाबूराव पहिल्या रांगेत, मान खाली. दरवर्षी गाडीपर्यंत सोडायला येतो. आज आला नाही.
गाडीपाशी एक म्हातारा शेतकरी मात्र थांबला होता. इकडंतिकडं बघून हळूच, "माझी मोपेड बी गचकं खाती. कुठलं टाकू?" नळी बदलून घ्या, म्हटलं. पुढचं मलाच कुठं माहीत आहे.

२२ ऑक्टो.
बाबूरावचा फोन नाही. सु. करंज्यांचा डबा भरत होती. "खरं बोलला, बरं केलं. पण त्यानं बोलावलेल्या मांडवात? आदल्या दिवशी त्याला फोन करायला काय झालतं?"
बरोबर आहे तिचं. हजार माणसांसमोर बोलायला मी भीत नाही. एकाला फोन करायला कचरलो.

२३ ऑक्टो. भाऊबीज. कुरुंदवाड.
सकाळी टाकी तळाला. पंपावरच्यानं विचारलं, "साधं की शंभर?" मी विचारात. तेवढ्यात सु. खिडकीतून वाकली, "साधंच भर बाबा. माहेरला चाललोय, उसाचंच भर."
सांगली फाट्याच्या पुढं एक गचका. सु.नं मांडीवरचा करंज्यांचा डबा घट्ट धरला.
पोचलो. बाबूराव रानात गेलाय म्हणे, कधी येईल ते बायकोलाही सांगितलं नाही. सु.नं पाट मांडलाय, ताट तयार आहे. मी बाहेर, गाडीपाशी. कुठंतरी लांब मोटारसायकलचा आवाज येतोय. त्याची असावी. मधेच अडखळतेय तीही.