भुयारातले वळण

प्रिय लुआन,

तू दा नांग शहरात मुलाकडे राहायला गेल्यापासून तुझी तीन पत्रे आली आणि मी एकाचेही उत्तर दिले नाही. प्रकृती ठीक आहे, चष्माही नवा आहे. उत्तर द्यावेसे वाटले नाही, एवढेच. आज मात्र लिहिणे भाग आहे.

येथील खबर अशी की लाओसकडच्या गरम वाऱ्याने यंदा मिऱ्याचे निम्मे वेल वाळले. पर्यटकांच्या गाड्या पूर्वीसारख्याच येतात. तुझ्या जागी आता वी नावाची मुलगी त्यांना भुयारात नेते. ती नीट बोलते, परंतु तुझ्यासारखी माणसे हसवत नाही, असे ऐकतो. ऐकतो म्हणण्याचे कारण तुला ठाऊक आहे. पंचवीस वर्षे तू परक्यांना आपले भुयार दाखवलेस आणि मी एकदाही तेथे फिरकलो नाही. माझी बायको थोआ मात्र येत असे. उकडलेले कसाव्याचे कंद आणि तीळमीठ घेऊन ती सकाळी निघे, आणि परतताना तिच्या चेहऱ्यावर हसू उरलेले असे. ते तुझ्या कोणत्या विनोदाचे, हे मी कधी विचारले नाही. भाताचा वाडगा पुढे ओढून मी जेवू लागे.

अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने येऊ लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी आपण ती खोदाई केली. तू समुद्राकडून, मी गावाकडून. मी चौथी शिकलेला, म्हणून सूत आणि ओळंबा माझ्या हाती होता, आणि तू मला चारचौघांत मास्तर म्हणून चिडवायचास. ताजी लाल माती विमानातून दिसू नये म्हणून बायका टोपल्या समुद्रात रित्या करीत. थोआ तुझ्या बाजूच्या रांगेत होती. आमचे लग्न ठरून तीन महिने झाले होते. शेवटचे काही हात उरले, तेव्हा आपण भिंतीवर ठोकून एकमेकांचा अंदाज घेत होतो. तुझे तीन ठोके, माझे दोन. त्या सकाळी ठोक्यांऐवजी मला मातीतून थोआचे हसणे ऐकू आले. पाठोपाठ तुझे.

मी सूत सोडले. हसणे जिकडून आले त्या रोखाने दुपारपर्यंत कुदळ चालवली. भिंत फुटली तेव्हा समोर तुमचा रस्ता नव्हता. तुम्ही विसाव्याला बसायचा तो बाजूचा कोनाडा होता, आणि तुमच्या पाण्याच्या मडक्यात माझी माती पडली होती. तुकडीप्रमुखांनी विचारले, भुयार वाकडे कसे झाले? मी वाकून मडक्यातली माती उपसू लागलो. तू मात्र कुदळ पुसत म्हणालास, “मुद्दाम ठेवलंय, दादा. स्फोटाचा धक्का आत शिरला तर इथेच आपटून मरेल.”

पावसाळा सरता सरता समुद्राकडच्या तोंडाशी बॉम्ब पडला, आणि धक्का खरोखरच त्या वळणावर मोडला. पलीकडे अकरा माणसे होती. त्यांत थोआ होती. गावाने तुला डोक्यावर घेतले. मीही टाळ्या वाजवल्या. खरे बोललो असतो तर सूत का सोडले तेही सांगावे लागले असते, आणि थोआच्या देखत ते मला जमणारे नव्हते. माझ्या चुकीची वाहवा तुला मिळाली, याची जळजळ मी पन्नासहून अधिक वर्षे बाळगली आहे.

गेल्या मंगळवारी वी माझी सही घेण्यासाठी कागद घेऊन आली. वळणाशी दगडी पाटी बसणार आहे. तुझे नाव वाचण्याची तयारी करून मी चष्मा लावला. नाव माझे होते. हे वळण ख्वात यांनी विचारपूर्वक आखले, असे तू स्वतःच्या अक्षरात कळवल्याचे तिने सांगितले. मी चष्मा पुसून पुन्हा वाचू लागलो, तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं? लुआन आजोबा तिथं थांबून रोज तुमचं नाव घ्यायचे. थोआ आजी तेवढं ऐकायलाच यायच्या. कसावा म्हणजे नुसतं निमित्त.”

मला आनंद व्हावयास हवा होता. मला तुझा हेवाच वाटला. माणसे तू हसवायचीस, वेळेवर उत्तर तू द्यायचेस, आणि शेवटी मोठेपणाही तूच दाखवायचास? मला काहीच ठेवले नाहीस. माझे नाव खोट्याखाली कोरले जाणार नाही. मी कागदावरचा मजकूर खोडला आणि लिहिले: हे वळण ख्वात याच्या चुकीने झाले व लुआन याच्या शब्दाने टिकले. मग सही केली. वीने कागद वाचला व घडी घालून नेला. पाटी आता तशीच लागेल, किंवा लागणार नाही.

थोआचे वर्षश्राद्ध दहाव्या चांद्र महिन्यातील नवमीस आहे. तू ये. तिच्या वेदीवर तुझ्या हाताने उदबत्ती लाव, मग आपण दोघे खाली भुयारात जाऊ. त्या कोनाड्यात बसून तू मला एकच गोष्ट सांगावीस, कारण ती जाणणारा आता तू एकटाच उरला आहेस. त्या सकाळी ती कशाला हसली? उत्तर माझ्याविषयी असले तरी चालेल. नसले तरी तुझे पान वाढलेले असेल.

तुझाच, हा शब्द तुला प्रथमच लिहीत असलेला,
ख्वात