शमुवेलसाठी मागणं

मलावी, आफ्रिका,
४ मार्च २०२४

ती. अक्कास,
प्रभूच्या नावे सलाम वि. वि.

आपला शमुवेल गेला. फोनवर सांगवत नाही, म्हणून कागदावर लिहितेय. योगेंद्र बाजाराच्या गावी जाईल तेव्हा फोटो काढून तुला पाठवेल.

मलेरिया झाला होता. दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्ये, माझ्या मांडीवरच गेला. इथे दुसरा पाळक नाही, त्यामुळे दफनविधी योगेंद्रनेच केला. बापानेच, आणि कुठेही न अडखळता. गावातल्या बायका येऊन माझ्याजवळ चटईवर नुसत्या बसून राहिल्या. मी त्यांना चहा करून दिला.

मला रडू येत नाही, अक्का. काल लसीकरणाला आलेली सगळी बाळं मी वजनकाट्यावर ठेवली आणि उतरवली. हात आपले काम करतात.

आईला सांगू नकोस. हृदयाचं ऑपरेशन होऊन ती नुकतीच धुळ्याला घरी आलीय.

प्रार्थनेत ठेव.
तुझी,
हेमलता


मेहरूण, जळगाव,
१८ मार्च २०२४

चि. सौ. हेमलतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच वर्गावर गेले. काय शिकवलं, आठवत नाही. लहानपणी तू मला आकाशवाणी म्हणायचीस ना, त्या आकाशवाणीची वाचा बसली बघ.

शनिवारी एसटीने धुळ्याला गेले. काल चर्चमध्ये प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या, तर आपली आई बाक धरून उभी. म्हणाली की मना नातू शमुवेलले दात यी राहिनात, त्याले ताप नको येवाले, त्यानाकरता मांगा. सगळ्यांनी मागितलं, सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले, हेमा. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. गेलेल्या लेकराला ताप येऊ नये म्हणून मी देवाकडे मागितलं!

माणसांशी खोटं बोलायला मी काही कच्ची नाही, पण देवापुढे उभं राहून हे जमायचं नाही. मला आईला सांगू दे. आणि तुम्ही दोघं परत या. योगेंद्ररावांना म्हणावं, सेवेला यावलच्या पाड्यांवरही माणसं आहेत. तिथे विमान लागत नाही, लाल डबा जातो.

जेवत जा. माया आहेच, ती काय लिहायची.
तुझी अक्का


मलावी,
५ एप्रिल २०२४

ती. अक्कास,
सलाम वि. वि.

नको सांगूस. ऑपरेशनचं कारण आहेच, पण खरं कारण दुसरं आहे. शमुवेलचं नाव मोठ्याने घेणारी सध्या आई एकटीच आहे.

योगेंद्र घेत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत तो बोअरवेलसाठी मागतो, मक्यासाठी मागतो, शिवणवर्गातल्या बायकांची नावं घेतो. मग शमुवेलच्या नावापाशी येतो आणि आमेन म्हणून टाकतो. ईस्टरला त्याने रिकाम्या कबरेवर प्रवचन केलं. आपली कबर चर्चच्या मागच्या आंब्याखाली आहे. लोक म्हणाले, प्रवचन छान झालं. मीही म्हणाले.

आम्हाला इथे पाठवणाऱ्या संस्थेने सुटी देऊ केलीय. योगेंद्र म्हणतो, मक्याची काढणी होऊ दे. मला काय, जा म्हटलं तरी चालेल, राहा म्हटलं तरी चालेल. भाजीत मीठ नव्हतं, हे परवा योगेंद्रच्या ताटाकडे बघून कळलं. मी माझी संपवलीसुद्धा होती.

आईला नाव घेऊ दे. एवढं माझ्यासाठी कर.
तुझी,
हेमलता


मेहरूण, जळगाव,
२२ एप्रिल २०२४

चि. सौ. हेमलतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. रागव, मी मोठी आहे, सोसेन. डॉक्टरांना विचारूनच परवा आईला सांगितलं.

ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तिने पुरी थापली, शेकली, माझ्या ताटात वाढली. मग स्वतःची गोळी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मी घाबरून तिचा श्वास बघत बसले.

काल मात्र चर्चला निघाली. विनंत्या विचारल्या आणि ही उभी! मी पदर धरून खाली ओढत होते. तिने पदर सोडवून घेतला आणि म्हणाली की मना शमुवेल देवना घर पोची गया, त्यानाकरता मांगानं सरनं. आते त्याना मायबापकरता मांगा, त्या आजून वाटवरच शेतस.

सगळ्यांआधी मीच मोठ्याने आमेन म्हणाले, आणि या खेपेला समजून म्हणाले. हेमा, आता बोल माझ्याशी. शिव्या दे, पण बोल.

वाट बघणारी,
अक्का


मलावी,
३० एप्रिल २०२४

ती. अक्कास,
सलाम वि. वि.

रागावले नाही. रागही येत नाही सध्या.

योगेंद्र जीपचं चाक बदलत होता, तेव्हा तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. आईचं बोलणं त्याने पुन्हा वाचायला लावलं आणि मग पाना हातात तसाच धरून बसला. संध्याकाळच्या प्रार्थनेत तो नेहमी जिथे आमेन म्हणून टाकतो तिथे आला, थांबला आणि म्हणाला, शमुवेल. पुढे काही मागितलं नाही. आमेन मी म्हटलं.

आम्ही येतोय, काढणी झाल्यावर लगेच. धुळ्यालाच येतो आधी.

रडू अजून आलेलं नाही. आईला एवढंच सांगून ठेव की मी आल्यावर तिने आधी रडू नये. नाहीतर मी तिचीच समजूत काढत बसेन आणि माझं पुन्हा राहून जाईल.

आहे तशीच घ्या मला.
तुझी,
हेमलता