सतराव्या प्रश्नात काहीही गैर नाही

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. फक्त स्वतःसाठी.
प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. गणिताचा पेपर माझा, सलग एकविसावं वर्ष. यंदाचा सतरावा प्रश्न म्हणजे हिरा: शर्यतीची गाडी एक लॅप अडीच मिनिटांत मारते. दर सहा लॅपनंतर पिट, तिथे एक मिनिट. वीस लॅपना किती वेळ?

५ मार्च
सांख्यिकीतली नवी बाई, आमची आकडेवाली, तक्ता घेऊन आली. म्हणाली, सर, बाकी पेपरात सारखेच मार्क मिळवणारी मुलं घेतली, तर सतरावा शंभरातल्या बहात्तर मुलग्यांना येतो, अडतीस मुलींना. टेकडीवरच्या जमातीतल्या मुली असतील तर अकरा. मी म्हटलं, बाई, गणिताला ना जात ना लिंग. ती म्हणाली, गणिताला नाही सर, गाडीला आहे. चहा न घेता गेली. उद्धट.

७ मार्च, शनिवार
घरीच निःपक्षपाती चाचणी घेतली. मेहुणा: बरोबर. ड्रायव्हर: बरोबर, तेही गाडी धुता धुता. ही आणि मेहुणी: दोघींचे कागद कोरे. ही म्हणाली, अहो, पिट म्हणजे काय ते तरी सांगा आधी. अशी विचारणा म्हणजे कॉपीच. निष्कर्ष: दोघी दमल्या होत्या.

११ मार्च
ऑफिसच्या गेटसमोर एक माणूस उभा. फरशी बसवणारा, टेकडीवरचा. पहारेकरी म्हणाला, लेकीचा नंबर एका मार्काने हुकलाय. ओरडत नाही, काही मागत नाही. नुसता खिडकीकडे बघतो. माझ्याच. पडदा ओढला. हल्ली उजेड सोसत नाही.

१३ मार्च
गेटवर आता चाळीसेक आईबाप. सगळे गप्प. घोषणा दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
आकडेवालीने तोच प्रश्न पाण्याच्या पंपावर बेतून दुसऱ्या शाळांत दिला: दर सहा टाक्या भरल्यावर पंपाला एक मिनिट विश्रांती. म्हणे फरक जवळजवळ गेलाच. सोपा केला, दुसरं काय.

१७ मार्च
सतराव्याबद्दल आलेल्या तक्रारीचा कागद तपासायला माझ्याच टेबलावर आला. गणितातला तज्ज्ञ मीच ना. 'निराधार' असं लिहून सही ठोकली. प्रवेशाची यादी बंद. संचालकांनी विचारलं, नीट विचार केलात ना? बघत मात्र दाराकडे होते. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी कुणीच बसलं नाही. ऐसपैस जेवलो.

२० मार्च, शुक्रवार
ठरवलं, आपणच जाऊन समजवावं. मोठेपणा लागतो त्याला. फरशीवाल्याच्या घरी गेलो. गल्लीतल्या लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. पाठ फिरवायची भीती वाटली.
लेक तेरा वर्षांची. म्हणाली, पिट वाचून वाटलं, गाडीला झोडपतात. मग वेळ कशाला विचारतायत? मी सांगितलं, लॅप म्हणजे फेरी, पिट म्हणजे थांबा. वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, त्रेपन्न मिनिटं. शेवटच्या दोन फेऱ्यांनंतर थांबा नाही, ते तुम्ही मुद्दाम ठेवलंय ना, काका? छान आहे प्रश्न.
एकवीस वर्षांत कुणा मुलाने असं म्हटलं नव्हतं.
बापाने हात जोडले. म्हणाला, साहेब स्वतः घरी आले, आता घोर मिटला. लेकीच्या प्रवेशाला सोमवारी कुठल्या दाराने यायचं?
मी म्हटलं, पुढच्या.

२३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
रजेचा अर्ज पाठवला. कारण: पोट बिघडलंय.
पोटाला काही झालेलं नाही.