चेंडू दाबला की होडी वर

ता. ९ मार्च, रविवार

दादा,

नमस्कार. आईच्या पाया पडतो, वहिनीला सांग मी बरा आहे, आणि चिमणीला म्हणावं काका जाड झालाय. इथे हवा कोरडी, खोली ठीक, पार्टनर तोच, लंबू. जेवण तो करतो, नावं मी ठेवतो.

अक्षर बघून हसशील. शाळेतही माझं अक्षर म्हणजे कावळ्याचे पायच होते, पण आता कावळा लंगडा झालाय असं समज.

लंबूच्या फोनवर आलेला तुझा निरोप त्याने वाचून दाखवला. दुकानात दुसरी खुर्ची बसवलीस, तिच्यापुढे आरसाही लावलास. 'येतोस की नाही, एकदा काय ते सांग, गिऱ्हाईक किती दिवस ताटकळत ठेवू?' बरोबर आहे तुझं. मी फोन उचलत नाही म्हणून तू चिडलास तेही बरोबर. पण तू फोन लावतोस तो तोंड दिसणारा. तोंडाबरोबर बाकीचंही दिसतं.

तुला आठवतं, गल्लीतल्या गेमच्या दुकानातून तू मला कानाला धरून आणायचास? एकदा तर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच फेसात बसवून आलास. रस्ताभर बोलत होतास, "अरे, ही बोटं बटणं बडवायला नाहीत, कात्री धरायला आहेत. गेम खेळून कुणाचं भलं झालंय?"

तर दादा, माझं होतंय. खरं सांगतो. इथे मी रोज सकाळी गेम खेळतो आणि एक बाई मला शाबासकी देतात. हातात रबरी चेंडू असतो, त्याला वायर. पुढे स्क्रीन. चेंडू दाबला की होडी वर जाते, सोडला की खाली. मधे खडक येतात. शेजारी एक म्हातारा ड्रायव्हर बसतो, त्याचा खांदा धरलाय. मी पुढे गेलो की तो म्हणतो, "हा लबाड आहे, ह्याचं मशीन बदला." आधी हात उचलत नव्हता, आता मला हरवायला उचलतो.

ही जागा दवाखान्यात आहे. आता लिहितोच.

कारखान्यात पुठ्ठा अडकला की मशीन बंद करून काढायचा असतो. पण बंद केलं की सुपरवायझर ओरडत येतो, म्हणून सगळेच चालू मशीनमधूनच ओढतात. मीही ओढला. हातमोजा रोलरमध्ये गेला आणि मोज्याबरोबर उजवा हात. शेजारच्या मशीनवरून लंबूने धावत येऊन बंदचं बटण दाबलं म्हणून बोटं राहिली. बोटं आहेत दादा, पाचही आहेत. घाबरू नकोस.

पट्टी निघाल्यावर हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या त्या बाई म्हणायच्या, "मूठ वळा." मूठ वळायची नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. मग त्यांनी तो चेंडू दिला. मूठ माझ्याने वळत नव्हती, पण होडी खडकावर आपटताना बघवेना. दाबलं गेलं. बाई म्हणाल्या, "औषधापेक्षा तुमचा हट्ट कामाचा आहे." आता चमचा धरतो. रोज एक पान लिहायलाही त्यांनीच सांगितलंय, आजचं पान तुझं.

मला वाटलं, जमलं. कात्री-कंगवा विकत आणला आणि लंबूला स्टुलावर बसवलं. कंगवा नीट चालला. कात्री मात्र मिटली की उघडी, ते अंगठ्याला कळेना. बघून बघून कापत होतो. लंबू "आई गं" म्हणाला तेव्हा समजलं, कानाची पाळी मधे आली होती. रक्त पुसत म्हणतो कसा, "चालू दे, देवाने दोन दिलेत." मी कात्री खाली ठेवली.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "पकड वाढेल. अंगठ्यात जाणीव परत येईल असं मी सांगत नाही."

केसाचं एक वेळ निभावेल. पण तुझ्या दुकानात माणूस डोळे मिटून, मान मागे टाकून बसतो. त्याच्या गळ्यावर मी वस्तरा धरू? ज्या हाताला आपण काय धरलंय ते कळत नाही, त्या हाताने? तू नजर ठेवशील, माहीत आहे. पण तू कुणाची दाढी करणार आणि कुणाकडे बघणार?

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे. खुर्ची कुणा चांगल्या कारागिराला दे. रिकामी ठेवू नकोस, आणि माझ्यासाठी आहे असं कुणाला सांगू नकोस. कारखान्यात मला बसून करायचं काम देतो म्हणालेत. बघू.

आई विचारेल, धाकटा का येत नाही. हाताचं बोलू नकोस. सांग, गेमचा नाद सुटला नाही, तिकडेच रमलाय. ती मला नालायक म्हणेल, दिवसभर भांडी आपटेल. आपटू दे. तिचा राग मला सोसतो, रडणं सोसत नाही.

आणि तू तिच्याबरोबर चार शिव्या दे, म्हणजे तिला खरं वाटेल.

तुझा,
वाया गेलेला धाकटा