दांडी हल्ली जड लागते

२ मार्च, रविवार, सकाळ.
नातीने फोनमध्ये एक बटण दाखवलंय. आपण बोलायचं, तो लिहून घेतो. तारीखही तोच घालतो. मला अक्षर वाचता येत नाही, म्हणजे ही रोजनिशी अगदी सुरक्षित. उघडली तरी मलासुद्धा काही कळायचं नाही.
तर मुद्दा असा. माझ्या इलेक्ट्रिक गिटारची दांडी जड झाली आहे. तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजला एक वाकडी सळई असते, ती दाबून हलवली की सूर थरथरतो. आमच्या म्हाताऱ्यांच्या बँडमध्ये शेवटच्या संथ गाण्याचा शेवटचा सूर माझा. परवा प्रॅक्टिसला तो थरथरलाच नाही, नुसता 'टों' करून बसला. बँड चालवणारा ढब्या, आमच्यात तो एकटाच तरुण, म्हणाला, आजी, जमत नसेल तर तेवढा सूर मी कीबोर्डवर काढतो. म्हटलं, काढून तर बघ.
शनिवारी प्रोग्रॅम. तोवर दांडी लोण्यासारखी करते. अवघड काय त्यात?

दुपार.
बरणीचं झाकण सुनेकडून उघडून घेतलं. हल्ली सगळं फार घट्ट बनवतात.

३ मार्च.
उभा जन्म शिलाई मशीनवर गेला. जिथे ताण आहे तिथलं मला कळतं. दांडीच्या भोकात मशीनचं तेल सोडलं, सढळ हाताने. सून म्हणाली, आई, गिटारला तेल घालतात का? म्हटलं, तुझ्या दाराच्या बिजागऱ्यांना कोण घालतं?
संध्याकाळी दांडी इतकी सैल की वर धरली की खाली लोंबते, जेवून सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याच्या मानेसारखी. दाबायला मात्र तेवढीच जड. तेलात भेसळ असणार.

४ मार्च.
दांडीच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात, त्यांवर शिवणाचा दोरा गुंडाळला. लोंबणं बंद! घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून इथे नोंदवते.
जडपणा जिथल्या तिथे. नात म्हणाली, अगं आजी, जड आहे ते मागच्या स्प्रिंगांमुळे. पाच स्प्रिंगा ब्रिजला तारांच्या उलट ओढून धरतात. दोन कमी कर, हलकी होईल. पण आधी तारा सैल कर हं. म्हटलं, मला शिकवू नकोस, तुझे फ्रॉक मी शिवलेत.

५ मार्च.
तारा सैल केल्या नाहीत. घाई होती. कसली ते आता आठवत नाही.
दुसरी स्प्रिंग काढली आणि ब्रिज मागून उठूनच बसला. सगळे सूर एकदम खाली. स्प्रिंग उडाली ती कपाटाखाली. मुलगा ऑफिसच्या कपड्यांत पोटावर झोपून झाडूने शोधत होता. तिथूनच म्हणाला, आई, तू आता जरा आराम करायला हवास. म्हटलं, स्प्रिंग दिसते का तेवढं सांग.

६ मार्च.
दिवसभर ट्यूनिंग. एक तार वर आणली की बाकीच्या उतरतात. अगदी सासरची माणसं. एकाला खूश करा, बाकीच्यांची तोंडं पडलेली.
चहाचा कप हातातून सुटला. या नव्या कपांचे कान फार गुळगुळीत.
कंटाळा आलाय. उद्यापासून मन लावून करायचं. पण उद्या शुक्रवार, परवा प्रोग्रॅम. म्हणजे जे काय ते उद्याच.

७ मार्च.
नातीला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. जिना चढून. (जिने पण उंच बांधतात.) त्याने आट्यांवरचा दोरा सोडवला, तेल पुसलं, हे कुणी केलं ते एका शब्दाने विचारलं नाही. सभ्य माणूस. तीनच स्प्रिंगा ठेवल्या, मागचे स्क्रू पिळून ब्रिज सरळ बसवला, तारा बारीक घातल्या. मग करंगळीने दांडी दाबली. सूर असा हलला, जसं बादलीतलं पाणी.
म्हणाला, आजी, यापेक्षा हलकी केली तर फुंकरीने हलेल. घ्या, बघा.
मी दाबली. अर्ध्यावर गेली आणि मनगटातून कोपरापर्यंत कळ आली. पुन्हा दाबली. तेच.
त्याने दांडीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. नात भिंतीवरच्या गिटारी मोजायला लागली.
म्हटलं, दुकानात गारठा फार आहे तुमच्या, बोटं आखडतात.
तो म्हणाला, हो आजी, एसी जोरात आहे.
एसी नव्हता. पंखासुद्धा बंद होता.

८ मार्च, शनिवार, प्रोग्रॅमनंतर.
दांडी काढून घरीच ठेवली होती. शेवटचा सूर साधा वाजवला, सरळ, आणि मरू दिला. लोक गप्प झाले. नेहमीइतकेच. मग टाळ्या. त्याही नेहमीइतक्याच.
ढब्या स्टेजवरच माझा हात धरून म्हणाला, आजी, शेवटी दुरुस्त केलीत की! काय थरथरला आज तो सूर.
मी थँक्यू म्हटलं. आणि हात सोड म्हटलं, दुखतोय.
परतताना गिटारची पेटी नातीने उचलली. रोज भांडते मी तिच्याशी, माझी मी नेईन म्हणून. आज भांडले नाही.