र.ला जड बॅट नको

२ नोव्हेंबर

...आणि त्या सकाळी मी ह्यांची पांढरी पँट धुण्याच्या लाकडी मोगरीनं बडवत होते. नळ जायची वेळ झालेली, घाई. कुकर लावलेला, जवसाची चटणी कुटून झालेली. रश्मी दारात बसून बुटांना पांढरं लावत होती. हे म्हणाले, "इतकी नको बडवू वं, फाटन." मी म्हटलं, "अंपायर डाग घेऊन उभा राहिला तर लोक मलेच नावं ठेवतीन."

साधी सकाळ होती. दोन वर्षं झाली.

संध्याकाळी टेनिस बॉलच्या स्पर्धेत ह्यांनी आमच्या गल्लीतल्या पप्पूला रनआऊट दिलं. मी डबा घेऊन गेले होते, मैदानाच्या दोरीपाशी उभी. त्यानं आधी शिवी दिली. मग बॅट. कानाच्या वर. ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज. धंतोलीतल्या दवाखान्यात डोक्याचं ऑपरेशन झालं. हे परत बोलले नाहीत, तसेच गेले.

ती बॅट ह्यांनीच त्याला निवडून दिली होती. गल्लीत कोणालाही बॅट घ्यायची तर ह्यांना स्कूटरवर बसवून दुकानात नेत. "पप्पू खालचा बॉल उचलून मारते, त्याले लाकडाचं पोट खालीच पाहिजे." (पोट म्हणजे बॅटीचा सगळ्यात जाड, फुगीर भाग.) पाच-सहा बॅटा पाहून काढली होती. चांगली निवडली होती.

आज हे सगळं वर आलं कारण पप्पू जामिनावर सुटून आलाय. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभा, जसा काही मामाच्या गावाहून आला. र.नं (रश्मीनं) येऊन सांगितलं. आणि त्याच दमात, "आई, मले बॅट पाहिजे. जड."

५ नोव्हेंबर

२४ ला र.चा निवड सामना. लेदर बॉल. आजवर क्लबच्या बॅटीनं खेळली, चार जणींची मिळून एक. स्वतःची हवी, हे बरोबर.

पण जड? ही अंगानं बारकी. मागच्या पायावर जाऊन खेळते, आडवी मारते, मनगटाचा खेळ. हे म्हणायचे, हिला हलकी द्यायची, पोट जरा वर असलेली, कारण बॉल तिथेच लागतो. वाचनालयातून क्रिकेटचं पुस्तक आणलं, त्यातही तेच. (माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन पुड्यांच्या कागदावर झालं. तरी हे पुस्तक समजलं.)

विचारलं, "जड काहून?"

"मारायले."

"कोणाले?"

ती भाकरी मोडत राहिली.

८ नोव्हेंबर

दुकानात गेलो. दुकानदार जाड, हसरा. "ताई, आजकाल पोट्ट्यापण जडच घेतात. छक्का पाहिजे तर लाकूड पाहिजे ना!" र.नं सगळ्यात जड उचलली आणि तिथेच फिरवली. पॅडांचा ढीग खाली आला. ती खेळताना फिरवतात तशी फिरवत नव्हती. वरून खाली फिरवत होती. कुऱ्हाड चालवतात तशी.

मी म्हटलं, "वरच्या एका हातानं सरळ धरून दाखव." हे असंच करायला लावायचे. बॅट वाकली तर ती तुमची नाही. र.नं दात आवळले. हात थरथरायला लागला तरी सोडेना.

दुकानदार म्हणे, "अवं बाई, हात कापून राहिला ना पोरीचा!"

मी म्हटलं, "ही नाही घेत."

"हीच."

"तुह्या खेळाले ही नाही चालत."

"बाबाले लागली ती कोणती होती मंग? हलकी होती का?"

मी तिला मारलं. सगळ्यांसमोर, गालावर, पूर्ण हातानं.

मग हलकी घेतली. पोट वर, दांडा बारीक, तिच्या मुठीला बसेल असा. लाकडाच्या रेषा सरळ. ती पाहत पण नव्हती. बॅट मीच मांडीवर घेऊन ऑटोत बसले.

९ नोव्हेंबर

गालावर वळ आहेत. मी बर्फ दिला, तिनं मोरीत फेकला.

ठेल्यावरून पप्पूचं हसणं घरापर्यंत येतं. आधीही यायचं. तेव्हा मला ते आवडायचं.

१२ नोव्हेंबर

नवी बॅट लगेच खेळायची नसते. तेल द्यायचं, मग लाकडी हातोड्यानं ठोकत राहायचं, आधी हळू, मग जोरात, म्हणजे लाकूड दबून घट्ट होतं. र. बॅटीला हात लावेना. दिवस जात होते. म्हणून मीच घेतली. इतवारी बाजारातल्या तेलघाणीवरून जवसाचं तेल आणलं, हलक्या हातानं चोळलं, आडवी ठेवली. आज ठोकायला बसले. हातोडा नव्हता. मोगरी घेतली.

सुरुवात हळूच केली. खरं सांगते, हळूच केली.

मग ठेल्यावर पप्पू हसला. कोणाला तरी म्हणाला, "अबे, त्या अंपायरसारखा नको उभा राहू." आणि ठेल्यावरचे सगळे हसले.

पुढचं नीट आठवत नाही. कान आठवतो. पप्पूचा कान, त्याच्या वरचा केसांचा भाग. मी तिथे मारत होते. चांगलं वाटत होतं. शेजारची म्हणाली, "कपडे धुवून राहिली का वं इतक्या उन्हात?" तेव्हा थांबले. बॅटीवर मोगरीच्या कडेच्या खाचा पडलेल्या. खालच्या टोकाला केसाएवढी चीर.

र. आली. बोट फिरवलं चिरेवरून. मला वाटलं आता ही मला मारते.

"आई, त्याचं डोकं समजून हाणलं का वं?"

"हो."

ती हसली. हसता हसता खाली बसली आणि रडली. "मी बी तेच करणार होती. जड त्याच्यासाठीच मागत होती."

"माहीत होतं मले."

"मंग घेऊन द्यायची ना!"

तिनं मोगरी माझ्या हातातून काढून घेतली. चिरेत गोंद भरला, वर पट्टी लावली. मैत्रिणीकडून खरा हातोडा आणला. अंधार पडेपर्यंत ठोकत होती. हळू. एकाच आवाजात.

१७ नोव्हेंबर

पप्पूची आई आली. पूर्वी हिच्या साड्यांना मीच फॉल लावायचे. बसली, पाणी प्याली नाही.

"वहिनी, पोरगं तापट आहे, खुनी नाही. तुम्ही पाहिलं तेवढंच कोर्टात सांगा का, बॅट हातातून निसटली."

"मी पाहिलं ना. नाही निसटली."

"भाऊजी तर गेले. आता माह्या पोराले काहून नेता?"

मी काही बोलायच्या आत र. आतून आली, बॅट हातात. "काकू, कशी निसटते ते दाखवू का?" आणि उचलली. मी मध्ये हात घातला. बॅट फिरली, माठावर बसली. घरभर पाणी. पप्पूची आई चपला न घालता पळाली.

माझं मनगट सुजलंय. हलकी होती म्हणून मोडलं नाही. र. पाण्यात उभी राहून सारखी म्हणत होती, "माहे हात थांबले नाही आई. थांबलेच नाही."

मला पप्पूची भीती नव्हती आजवर. आज हिच्या हातांची वाटली.

२१ नोव्हेंबर

पप्पूनं ठेल्यावरून, मला ऐकू येईल असं: "पोट्टी गजब उडून राहिली. २४ ले खेळाले जाते म्हणे. हातच नसन तर काय खेळते?" दोघं-तिघं हसले. पानवाला हसला नाही.

चौकीत सांगून आले. हवालदार म्हणाला, नुसत्या बोलण्यावर काय लिहू, काही झालं तर या.

काही झालं तर.

२३ नोव्हेंबर

उद्या सामना. मी म्हटलं, मागच्या बोळीतून जाऊ, ऑटो तिकडेच बोलावते. र. म्हणाली, "आपण काहून लपायचं? मी ठेल्यासमोरूनच जातो. बॅट हातात घेऊन. एक शब्द बोलू दे त्याले."

तिचं बरोबर आहे. आणि तो बोलणार. आणि हिचे हात थांबणार नाहीत.

दुपारी तिला क्लबच्या जाळीत खेळताना पाहिलं. पहिल्यांदाच, दोन वर्षांत. उसळलेला बॉल मागे सरकून असा मारला की जाळीची दोरी तुटली. बॅटीच्या बरोबर पोटावर. हे असते तर... पट्टी लावलेली चीर टिकली.

पोरीचे हात त्याच्या डोक्यापायी घालवायचे नाहीत. माझ्या हातांचं काय, फॉल-पिकोच करायचा.

२५ नोव्हेंबर

काल सामना होता.

सकाळी मी र.च्या हातातून बॅट काढून घेतली, कव्हर घरीच ठेवलं, तिला माझ्या मागे चालायला सांगितलं, आणि बॅट दोन्ही हातांत धरून ठेल्यासमोरून गेले. पप्पूनं एकदा बॅटीकडे पाहिलं आणि खर्रा घोटत राहिला; मैदानावर पोचल्यावर मी बॅट र.च्या हातात दिली.